अप्पांविना बडा खाना

सकाळी नऊला जंगमस्वामींची पाद्यपूजा उरकली, स्वामी शाल घेऊन रिक्षात बसले आणि प्रभुलिंगला वाटलं, चला, आता घरात तासभर शांतता मिळेल. पन्नाशी गाठली तरी हा माणूस असल्या आशा धरतो, त्याला कोण काय करणार! सोलापूरच्या भवानी पेठेतल्या त्या घरात शांतता फक्त वीज गेल्यावर येते, आणि तीही मिक्सरपुरतीच.

पुढच्या खोलीत बसून त्यानं कागद ओढला. वर ठळक अक्षरांत लिहिलं, 'लिंगैक्य निंगप्पा कलशेट्टी : अल्पपरिचय'. मग अप्पांच्या फौजेतल्या पुस्तकावरून एकेक ओळ उतरवली. जन्म एकोणीसशे अठ्ठेचाळीस. सदुसष्टला भरती, ट्रकवर ड्रायव्हर. एकाहत्तरची लढाई, पंजाबची सरहद्द. ब्याऐंशीला निवृत्ती. पुढं एसटीत चोवीस वर्षं, सोलापूर-अक्कलकोट. पत्नी, दोन मुलगे, एक मुलगी. झालं! सहा फुटांचा, पेठेतल्या कुत्र्यामांजरांनाही नावानं हाका मारणारा बाप सहा-सात ओळींत संपला. प्रभुलिंगनं पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

आतून धाकट्या बहिणीचा, सिद्धेश्वरीचा आवाज आला. "अण्णा! कांदा तू चिरणार की सोमूदादा? आमी बायका आज कशालाबी हात लावणार न्हाय, आधीच सांगून ठेवते!"

"येतो गं बाई, येतो."

तर आज बडा खाना होता. फौजेत वर्षातून एखादे दिवशी साहेब लोक हातात पळी घेऊन जवानांना वाढतात, त्याला बडा खाना म्हणतात. अप्पा फौजेतून सुटले तेव्हा ट्रंकेतून कांबळं आणलं, थर्मास आणला आणि हाही एक रिवाज आणला. सतरा डिसेंबर, म्हणजे पंजाबच्या सरहद्दीवर लढाई थांबली तो दिवस. त्या दिवशी घरातल्या पुरुषांनी रांधायचं, पुरुषांनी वाढायचं आणि बायकांनी पहिल्या पंगतीला बसून नावं ठेवायची. एवढ्यावर भागलं असतं तर ते अप्पा कसले! जेवता-वाढता प्रत्येकानं एक थाप मारायची. ज्याची थाप सगळ्यात मोठी, त्याच्या छातीवर अप्पांचं लढाईचं पदक दिवसभर राहणार. आणि सांगितलेली गोष्ट खरी निघाली तर तो बाद. परीक्षक कायम अव्वा, म्हणजे आई, निंगव्वा. तिच्या निकालावर अपील नाही.

प्रभुलिंग या स्पर्धेत एकदाही जिंकला नव्हता. एका वर्षी तो म्हणाला, "आज आमच्या साहेबांनी मला चहा पाजला." पंगत हसून लोळली. त्यानं गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, "नाही, खरंच पाजला." अव्वानं तिथल्या तिथं बाद केलं. अप्पा डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले होते.

गेल्या वर्षी तेरा डिसेंबरला अप्पा गेले, त्यामुळे बडा खाना झाला नाही. यंदा वर्षाचं पुण्यस्मरण ठरवताना सोमशेखरनं पुण्याहून फोन केला, "अण्णा, मला सतराचीच सुट्टी मिळतेय." प्रभुलिंग भोळा, त्यानं सतरा धरली. धाकट्या भावाचा डाव ध्यानात आला तोवर सिद्धेश्वरी अक्कलकोटहून शेंगा घेऊन निघालीसुद्धा होती.

"पुण्यस्मरणाला थापांची स्पर्धा? लोक तोंडात शेण घालतील," तो आठ दिवस सांगत होता. सुरुवातीला अव्वा त्याच्या बाजूची होती. मग सोमशेखर घरी आला, आईच्या पायाशी तासभर बसला आणि अव्वा फितूर झाली. सख्खी बायको, दानेश्वरी, ती तर पहिल्यापासूनच शत्रुपक्षात. शेवटी तह झाला, तो असा की बडा खाना होईल, थापा होतील, पण त्याच पंगतीत प्रभुलिंग अप्पांविषयी चार शब्द बोलेल. खरे शब्द. आणि ते चार शब्दच त्याला सापडत नव्हते.

बरं, हे नुसतं भाषणाचं दुखणं असतं तर त्यानं सात ओळी वाचून मोकळं केलं असतं. दुखणं निराळंच होतं. दवाखान्यात शेवटल्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी अप्पा नर्सला सांगत होते, की माझ्या छातीत एसटीचं इंजन बसवलंय, सकाळी धक्का मारल्याशिवाय चालू होत नाही. नर्स हसत होती. डॉक्टरांनी नुकतंच प्रभुलिंगला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की आता फार काही हाती नाही. तो आत आला, ते हसणं त्याच्या कानावर पडलं आणि त्याचा तोल गेला. "पुरे झालं, अप्पा! आयुष्यात एकदा तरी खरं बोला!" नर्स निघून गेली. अप्पांनी त्याच्याकडे पाहिलं, चादर हनुवटीपर्यंत ओढली आणि म्हणाले, "बरं." त्यानंतर ते बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी गेले.

वर्षभर ते 'बरं' प्रभुलिंगच्या उरावर बसलं होतं. दानेश्वरीला त्यानं सांगितलं होतं, बाकी कुणाला नाही. बापाला ज्यानं गप्प केलं, त्यानंच उभं राहून बापाचं गुणगान करायचं. निदान त्यात एक तरी खरी गोष्ट असावी, एवढाच त्याचा हट्ट होता.

कागद खिशात घालून तो स्वयंपाकघरात गेला. तिथं सोमशेखर गव्हाच्या खिरीसाठी, हुग्गीसाठी गूळ फोडत होता, म्हणजे थोडा पातेल्यात टाकत होता आणि थोडा तोंडात. अव्वा खुर्चीवर महाराणीसारखी बसली होती. सिद्धेश्वरी आणि दानेश्वरी पाय पसरून भिंतीला टेकल्या होत्या.

"मला एक सांगा," प्रभुलिंग विळी ओढत म्हणाला. "लढाईत अप्पांनी नेमकं काय केलं? एक खरी गोष्ट. एकच."

"सोप्पं आहे की," सोमशेखर म्हणाला. "जनरलसाहेबांना त्यांनी कडक भाकरी खायला दिली. साहेबांचा दात पडला. साहेब रजेवर गेले, म्हणून लढाई तेरा दिवसांत आटपली."

"सोमू!"

"मला सांगितलेली ऐक," सिद्धेश्वरी म्हणाली. "त्यांच्या ट्रकला चौथा गिअर नव्हताच. चौथा टाकायची वेळ आली की ते 'सिद्धरामेश्वर महाराज की जय' म्हणायचे आणि ट्रक आपोआप पळायचा."

"खरी, सिद्धे, खरी!"

दानेश्वरी पाय न हलवता म्हणाली, "खरी मला एकच ठाऊक आहे. शुगर तीनशे असताना ते माझ्याकडून चोरून जिलबी मागवायचे आणि मी आणून द्यायचे. लिहिताय?"

"तू आणून द्यायचीस?" सोमशेखर आणि सिद्धेश्वरी एकदमच ओरडले. दोघांची युती तिथल्या तिथं फुटली. सोमशेखर वहिनीच्या बाजूनं गेला, सिद्धेश्वरी अण्णाच्या. अव्वानं हात वर केला तेव्हा कुठं आवाज खाली आले.

मग सिद्धेश्वरी जराशानं म्हणाली, "पण अण्णा म्हणतो ते खरं हाय की रे दादा. आपल्याला कायच ठाऊक न्हाय. लढाई म्हटलं की ते हसवायचे, आपण हसायचो. आपण कधी विचारलं तरी का?"

सोमशेखरनं गुळाचा खडा पातेल्यात टाकला. "विचारलं होतं मी. म्हणाले, सांगतो, आधी हस."

"अव्वा, तुला?" प्रभुलिंगनं विचारलं.

"मला काय सांगतात? घरला आले तवा गाठोडं दिलं आन म्हणाले, धू. मी धुतलं." अव्वा कांद्याकडे बघून म्हणाली, "बारीक चिर. वांग्यात भरायचाय."

अकराच्या सुमारास मल्लिनाथ काका आले. अप्पांच्या पलटणीतले, केम गावचे. पॅसेंजरनं एकटेच आले, खांद्यावर केळीचा अख्खा घड. डावा पाय गुडघ्याखालून लाकडी, लढाईतच गेलेला, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. रिक्षावाला घड घ्यायला पुढं आला तर त्याच्यावर खेकसले, "सोड, माज्या पोरीवाणी जपून आणलाय." अव्वाला नमस्कार केला, अप्पांच्या फोटोसमोर टाच जुळवायला गेले आणि लाकडाचा ठक्क आवाज झाला.

प्रभुलिंगनं त्यांना चहा देऊन बाहेरच्या ओट्यावर उन्हाला बसवलं आणि शेजारी बसला.

"काका, एक विचारायचंय. थट्टा करू नका."

"थट्टा तुजा बाप करायचा. मी शेतकरी मानूस हाय."

"अप्पांनी लढाईत काय केलं? पुस्तकात नुसतं ड्रायव्हर लिहिलंय."

मल्लिनाथ काकांनी चहा बशीत ओतला. फुर्रकन प्यायला. "मला शपथ घातली हुती त्यानं. पोरांस्नी सांगू नगं म्हणला, हसायची बंद व्हतील. पर आता त्योच न्हाय, तर शपथ कुनाची पाळू?"

आणि मग त्यांनी सांगितलं. "जाताना ट्रकमदी तोफंचं गोळं, येताना जखमी. आठरा मैल. रस्ता म्हंजे नुसतं खड्डं, आन दिवं लावायचं न्हाईत. डागदरानं निंगप्पाला एकच सांगितलं हुतं, की ह्यांस्नी झोपू देऊ नगंस. रगत गेलेलं मानूस झोपलं की पुन्यांदा उठत न्हाय. आता ह्यो ड्रायव्हर. हात ष्टेरिंगवर. पाठीमागं कुनाला हालवून जागं करनार? तवा त्यानं केबिनची पाठची खिडकी उघडी ठिवली आन वरडून थापा मारायला लागला."

"थापा?"

"थापा! ही पहिली रात. त्याच्या मोरं कंदी मारत नव्हता त्यो, मुका बैल हुता, मला ठावं हाय की. जनरलचा दात, बिनगिअरची गाडी, समद्या तितल्याच. मदीच इचारायचा, 'फुडं काय झालं आसंल, सांगा बगू?' ज्यो बोलंल त्यो जिता. एक शीख पोरगं हुतं, सतनाम. लई हासलं. हासता हासता गप झालं. निंगप्पानं गाडी न्हाय थांबवली. आवाज चढवला आन फुडची थाप सुरू केली. ड्रायव्हरच्या डोळ्यास्नी पानी आलं तर रस्ता कसा दिसनार, म्हणून रडलाबी न्हाय."

"किती दिवस, काका?" प्रभुलिंगनं विचारलं.

"तेरा दिस, रोज दोन खेपा. शेवटल्या खेपंला आत मी हुतो." काकांनी लाकडावर टिचकी मारली. "मी इचारलं, निंग्या, माजा पाय हाय का रं? त्यो म्हणला, हाय की! बुटाची नाडी तेवडी सुटलीया, उतरल्यावर बांदतो. आठरा मैल मी त्या नाडीवर जगलो, पोरा. दवाखान्यात पोचल्यावर बगितलं तर बूटबी न्हाय आन पायबी न्हाय. मी त्याला आयमाय काढून शिव्या घातल्या. त्यो मातूर तितं भिताडाला टेकून एवडं रडला, एवडं रडला, काय सांगू."

प्रभुलिंगनं काकांची रिकामी कपबशी उचलली. "येतो," एवढंच म्हणून तो आत गेला.

स्वयंपाकघरात अव्वा एकटीच राखणीला बसली होती. बाकीचे मागच्या अंगणात चुलीवर हुग्गीचं पातेलं चढवत भांडत होते. प्रभुलिंग तिच्यासमोर फरशीवर बसला. लहानपणी मार खाऊन आल्यावर बसायचा, तसा.

"अव्वा, दवाखान्यात मी अप्पांना गप्प केलं."

"ठावं हाय मला. मी तितंच खुर्चीत जागी हुते."

वर्षभर तिनं एक अक्षर काढलं नव्हतं. "त्यांना राग आला होता का गं? तुला काही म्हणाले का नंतर?"

"न्हाय. बरं म्हणाले. तू बी ऐकलंस की."

"म्हणजे मनाला लागलं असणार."

"आसंल. नसंलबी." अव्वानं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "हे बग प्रभू, न्हाय लागलं म्हणून सांगितलं तर तुला बरं वाटंल. पर मला ठावं न्हाय, तर मी कसं सांगू? बेचाळीस वर्सं मी परीक्षक हाय. ह्या घरात समद्यांनी थापा मारल्या, मी एकबी मारली न्हाय. एकानं तरी खऱ्याला धरून ऱ्हायला पायजे का नको?"

प्रभुलिंग रडला. मोकळेपणानं रडला, नाक ओढत, लेंग्याला डोळे पुसत. कांदे समोरच होते म्हणून बरं. सोमशेखर पळी न्यायला आत आला, भावाकडे बघून म्हणाला, "एवढे तिखट आहेत होय कांदे?" आणि मग काही न विचारता त्यानं विळी आपल्याकडे ओढून घेतली. जन्मात पहिल्यांदा त्यानं आपणहून भावाचं काम केलं.

साडेबाराला पंगत बसली. अव्वा मधोमध, एका बाजूला सिद्धेश्वरी, दुसऱ्या बाजूला दानेश्वरी, आणि पाय दुमडता येत नाही म्हणून मल्लिनाथ काका खुर्चीवर. बायकांच्या पंगतीत बसल्याबद्दल काकांची यथेच्छ टिंगल झाली. सोमशेखरनं भरली वांगी वाढली, प्रभुलिंगनं शेंगाची चटणी आणि भाकरी. हुग्गी तळाला लागली होती. सिद्धेश्वरीनं पहिला घास घेऊन जाहीर केलं, की करपलेल्या वासाची हुग्गी खावी ती फक्त आपल्याच घरी. भाऊ लोकांनी ते कौतुक समजून घेतलं.

थापा सुरू झाल्या. दानेश्वरी म्हणाली, तिच्या नवऱ्यानं काल तिला न विचारता साडी आणली आणि रंगही तिला आवडला. पंगत हसली, प्रभुलिंगही हसला. सिद्धेश्वरीच्या सासूनं म्हणे फोन करून सांगितलं होतं, माहेरी महिनाभर राहा, आमचं काही अडत नाही. सोमशेखरनं पुण्यात एक रस्ता पाहिला होता, तो खोदून पुन्हा होता तसाच बुजवलेला होता. मल्लिनाथ काका म्हणाले, की त्यांचा लाकडी पाय यंदाच्या पावसात फुटवा धरून हिरवागार झालाय, फुडच्या वर्सी केळी लागतील. अव्वा प्रत्येकाला ऐकून मान डोलवत होती. पदक तिच्या ताटाशेजारी वाटीत होतं.

"आता अण्णा," सोमशेखर म्हणाला. "वाच तुझा कागद. बोलणं झालंय तसं."

प्रभुलिंगच्या एका हातात हुग्गीची बादली, दुसऱ्या हातात पळी. त्यानं बादली खाली ठेवली. खिशातला कागद काढला, उघडला, सात ओळी पाहिल्या आणि पुन्हा घडी घातली.

"मी थाप मारणार आहे," तो म्हणाला.

सिद्धेश्वरीनं हातातला घास ताटात ठेवला. दानेश्वरीनं नवऱ्याकडे असं पाहिलं, जसं कुणी अंगात ताप आहे का बघतं.

"गेल्या वर्षी, बारा तारखेला," प्रभुलिंगनं सुरू केलं. त्यानं खाकरून पुन्हा सुरू केलं. "बारा तारखेला संध्याकाळी दवाखान्यात अप्पा मला म्हणाले, प्रभू, इथली हुग्गी काही खरी नाही, चल. मी म्हटलं, अप्पा, तुम्हाला सलाईन आहे. ते म्हणाले, बाटली तू धर. मग आम्ही जिन्यानं खाली आलो. खाली रुग्णवाहिका उभी होती. किल्ली तिलाच. अप्पा ड्रायव्हरच्या जागेवर बसले. मला म्हणाले, तू मागं झोप."

"मागं?" सोमशेखरनं विचारलं.

"मागं. आणि पाठची खिडकी उघडली त्यांनी." मल्लिनाथ काकांचा हात भाकरीवरच थांबला. "मग काय विचारता! गाडी अक्कलकोट रोडनं सुटली. चौथा गिअर पडेना, तर अप्पा ओरडले, सिद्धरामेश्वर महाराज की जय! गाडी जी उडाली, ती सगळे स्टॉप सोडून. थांब्यावरचे लोक हात करतायत, अप्पा त्यांना सलाम करतायत. मी मागून ओरडतोय, अप्पा, हळू! ते म्हणतात, गप झोपू नकोस, ऐक! आणि एकेक थाप सांगतायत. जनरलचा दात. एसटीचं इंजन. मी अर्ध्यात झोपायला लागलो की विचारतायत, पुढं काय झालं असेल, सांग बघू? आणि मी सांगतोय. मी! मला सुचतंय!"

सिद्धेश्वरी हसायला लागली. हसता हसता तिनं पदर डोळ्यांना लावला. सोमशेखर पळी हातात घेऊन तसाच उभा राहिला. मल्लिनाथ काका खाली बघून "हां... हां..." करत होते.

"अशी रात्रभर गाडी चालवली त्यांनी. उजाडायला परत आणून मला दवाखान्याच्या दारात सोडलं. म्हणाले, उतर, मला पुढची खेप आहे." प्रभुलिंग थांबला. एवढं सलग तो आयुष्यात बोलला नव्हता. "संपलं."

मग अव्वानं विचारलं, "आन तू हासलास का रं?"

त्यानं आईकडे पाहिलं. ती त्याच्याकडेच बघत होती, एकटक.

"हसलो की, अव्वा. लई हसलो."

अव्वानं वाटीतलं पदक उचललं. सगळ्यांना वाटलं, बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा अण्णाचा नंबर लागला. सोमशेखरनं टाळी वाजवायला हातसुद्धा वर केले. पण अव्वानं पदक बोटांत फिरवलं आणि मल्लिनाथ काकांच्या हातात ठेवलं.

"पाय मोठा हाय," ती म्हणाली. "पायाला दिलं."

"आणि अण्णाचं? एवढी झकास थाप!" सिद्धेश्वरी भडकलीच.

"थाप कुटली?" अव्वा म्हणाली. "मी तितंच हुते की खुर्चीत, जागी. समदं माज्या डोळ्यांदेखत झालं. गाडी घिऊन गेले, पोराला हासवलं, सकाळी आणून सोडलं. खरं हाय ते. प्रभू बाद."

"अण्णा यंदाही बाद!" सोमशेखर ओरडला आणि पंगत फुटली. सिद्धेश्वरी ताटावर वाकून हसत होती, काका खुर्चीचा हात बडवत होते, दानेश्वरी हसता हसता रडत होती. प्रभुलिंगच्या दोन्ही डोळ्यांना धारा आणि तोही हसत होता, अप्पांसारखाच, मान मागं टाकून. मग त्यानं बादली उचलली, अव्वासमोर बसला आणि तिच्या ताटात हुग्गी वाढायला लागला. ती "साकू, साकू, पुरे की रं" म्हणत राहिली, आणि तो वाढत राहिला.